न बांधलेल्या घराची घरभरणी

नाचणगावच्या बाजारओळीत प्रभाकररावांचं भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचा आणि कौशल्याबाईंचा संसार होता. मुलगा गजेंद्र नोकरीपायी वर्ध्याला राहायचा. त्या दोन खोल्यांना मिळून खिडकी एकच, आणि तीही दुकानात उघडणारी. तिच्यातून उजेड कमी आणि गिऱ्हाइकाची घासाघीस जास्त आत यायची. "आपण घर बांधू, आन् तुह्या सैपाकघराले पूर्वेकडं खिडकी ठेवू," असं प्रभाकरराव लग्नाच्या नवलाईत बोलून गेले होते. बोलणाऱ्याचं काय जातं? पण ऐकणारीने ते पदराला गाठ मारून ठेवलं होतं.

पंचक्रोशीत कुणाचीही घरभरणी असली की नव्या घरात शिरताना दूध उतू घालायचा गंज, म्हणजे उभट पातेलं, याच दुकानातून जायचा. गंज निवडून द्यायचं काम कौशल्याबाईंचं आणि त्यावर मशीनने नाव टाकायचं काम प्रभाकररावांचं. लोकांच्या घरभरण्या करता करता कौशल्याबाईंनी एक पितळी गंज स्वतःसाठी काढून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला होता. त्यावर दोघांची नावं टाकून झाली होती, फक्त तारखेची जागा कोरी होती. कुणी त्याच्याकडे बोट दाखवलं की त्या म्हणायच्या, "तो विकलेला हाये." दिवाळीच्या आधी तो चिंचेने घासायचा आणि परत वर ठेवायचा, हा त्यांचा नेम होता. प्रभाकरराव तेव्हा कुठल्या तरी कामात मान घालायचे. त्यांना त्या गंजाकडे बघवत नसे.

गोष्ट भारनियमनाच्या दिवसांतली आहे. वीज यायची ती पाहुणी म्हणून, आणि जायची ती सांगून किंवा न सांगता. नाव टाकायच्या मशीनची सुई मोडली म्हणून प्रभाकरराव पितृपंधरवड्यात वर्ध्याला गेले. सोबत शेजारचे कापडवाले मनोहरराव होते. मनोहरराव मनाने चांगले, पण त्यांच्या पोटात काही म्हणून टिकत नसे. त्यांना सांगितलेली गोष्ट त्यांच्याआधी बसने गावात पोचायची.

सुईचं काम उरकून दोघं आर्वी नाक्याच्या पुढे चहा पीत असताना मनोहररावांना समोर एका बिल्डरच्या ऑफिसवर पाटी दिसली. पाटीवर लिहिलं होतं, 'बोरगाव मेघे येथील आपले घर. बांधण्याआधीच आत फिरून या.'

"बांधाच्या पह्यले कसं फिरतेत बा?" मनोहरराव म्हणाले.

"काई तरी नकाशा-बिकाशा दाखवत असन."

"चाला तं, पाहू. फुकट हाये."

फुकट हा शब्द कानावर पडल्यावर बसून राहील असा माणूस निदान बाजारओळीत तरी जन्मला नव्हता.

आत हर्षित नावाचा तरतरीत पोरगा होता. टाय लावलेला, पण बोलणं आपलंच. त्याने दोघांना पाणी दिलं आणि एक काळं टोपडं पुढे केलं. त्याला मागून जाड तार होती, ती कॉम्प्युटरला जोडलेली. प्रभाकररावांनी सवयीने ते आधी उलटं करून बुड पाहिलं, मग बोटाने ठोकून आवाज ऐकला.

"प्लास्टिक हाये," त्यांनी निकाल दिला. "गंज असता तं टिकला असता."

"काका, हे डोक्यात घाला. डोळ्यासमोर घर दिसन. तार पुरन तितकंच चाला, बाकी या दांडीचं बटण दाबलं का आपोआप पुढं जाता."

टोपडं डोक्यावर चढलं आणि प्रभाकररावांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. समोर फाटक होतं. फाटकाच्या आत तुळस होती. मान डावीकडे वळवली तर डावीकडे भिंत, वर केली तर वर आभाळ, तेही ढग असलेलं. पुढे पायरी आणि सागवानी दार. त्यांनी पायातल्या चपला काढल्या.

"राहू द्या काका, चपला चालते."

"नव्या घरात चपला घालून जाऊ काय? लेका, तुले घरी काई शिकवलं का नाई?"

मनोहरराव खो-खो हसले. पण प्रभाकररावांना ते हसणं गल्लीतून आल्यासारखं दुरून ऐकू आलं. दारातून जाताना ते वाकले, कारण दुकानामागच्या खोलीचं दार त्यांना आयुष्यभर वाकायला लावत होतं. इथलं दार उंच होतं. ते हळूच सरळ झाले, आणि सरळ उभं राहूनही डोकं कुठे आपटलं नाही याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी दारातून पुन्हा एकदा ये-जा केली.

मग स्वयंपाकघर आलं. काळ्या दगडाचा ओटा, त्यावर शेगडी, आणि ओट्याच्या वर पूर्वेकडची खिडकी. खिडकीतून कोवळं ऊन आत येऊन ओट्यावर पडलं होतं. प्रभाकरराव तिथे किती वेळ उभे राहिले ते त्यांनाही कळलं नाही. इतकी वर्षं जी खिडकी त्यांनी नुसती तोंडाने बांधली होती, ती समोर होती. बसावंसं वाटलं. बाहेरच्या खोलीत लाल सोफा होता. ते तिकडे गेले, वळले आणि धोतराचा सोगा सावरून ऐसपैस बसले.

"काका, बसू नोका!" हर्षित ओरडला.

उशीर झाला होता. सोफा चित्रातला होता आणि फरशी बिल्डरची. प्रभाकरराव आपल्या साऱ्या वजनानिशी फरशीवर आले. "आई वो!" या आरोळीने समोरच्या चहावाल्याच्या हातातली गाळणी पडली.

हर्षितने टोपडं काढलं, पाणी पाजलं, माफी मागितली. पण पोरगा आतून खूश दिसत होता. "काका, याले प्रेझेन्स म्हणतेत. पुण्याच्या ट्रेनिंगमधी सांगतलं होतं. माणूस इथं रायते, पण त्याचं मन तिथंच हजर होते. लोकं सोफ्याले हात लावून पाह्यतेत, पण बसलं कोणीच नाई. तुमच्यावाणी हजर माणूस मी पाह्यलाच नाई!"

"हजेरी लई महाग पडली बाबू," कंबर धरून प्रभाकरराव म्हणाले. पण निघता निघता त्यांनी हळूच विचारलं, "ते खिडकीचं घर... घेतलेलं तं नाई कोणी?"

"पूर्वेकडची खिडकी कोपऱ्यावरच्या घरालेच हाये. एकच उरलं. तुमच्यासाठी दसऱ्यालोक ठेवतो, पण त्याच्यापुढं नाई जमन."

बसमध्ये प्रभाकररावांनी मनोहररावांना आपल्या गळ्याची शपथ घातली. कौशल्याला यातलं काही कळता कामा नये. गजेंद्राशी बोलून, सगळं पक्कं करून, दसऱ्याला तिला एकदम सांगायचं. मनोहररावांनी शपथ घेतली. प्रभाकररावांनी घरी येऊन स्टँडवर पाय घसरल्याचं सांगितलं आणि पालथे पडून राहिले. कौशल्याबाई तेल गरम करून पाठ चोळू लागल्या. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मनोहरराव दारात आले.

"वैनी, तोंड गोड करा! भाऊ नव्या घरात जाऊन आले! सैपाकघर पाह्यलं, सोफ्यावर बसले... आता सोफा नोता हे वेगळं."

पाठीवरचा हात थांबला. प्रभाकररावांनी उशीत तोंड खुपसलं.

मनोहररावांनी सगळं सांगितलं, वर पदरचं थोडं घातलं, चहा प्यायला आणि आपण शपथ मोडली हे ध्यानात न येताच घरी गेले. मग चौकशी सुरू झाली. कोर्टात वकील घेता येतो, इथे तीही सोय नव्हती.

"पितृपंधरवड्यात नव्या घरात गेलते?"

"अवं, घर कुठचं? तिथं नुस्ता प्लॉट हाये. गवत हाये. बकऱ्या चरून राह्यल्या."

"मंग चपला काऊन काढल्या?"

"आदत हाये."

"वाकले काऊन?"

"दार होतं म्हणून."

"म्हणजे दार होतं. कोणता पाय पह्यले टाकला?"

प्रभाकरराव आठवू लागले. कौशल्याबाईंना आठवायची गरज नव्हती. नवऱ्याचा उजवा गुडघा दुखतो म्हणून ते कुठेही डावाच पाय आधी टाकतात, हे त्यांना पाठ होतं. "डावाच टाकला असन. पितराच्या दिवसात, डावा पाय, बायको नाई, दूध नाई, नारळ नाई. झाली घरभरणी! वा!"

"अवं, मी गेलोच नोतो! मी ऑफिसात होतो!"

"गेलेच नोते तं कंबर कुठं मोडली?"

प्रभाकररावांनी कंबरेवर हात ठेवला. कंबर तर खरीच दुखत होती.

दुसऱ्या दिवशी प्रभाकररावांनी बाबाराव महाराजांना बोलावलं. बाबाराव म्हणजे गावचे पुरोहित, पत्रिकेपासून पापडाच्या मुहूर्तापर्यंत सगळं त्यांच्या हाती. महाराज आपल्या बाजूने बोलतील अशी प्रभाकररावांची खात्री होती. महाराजांनी सारं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "शास्त्रात टोपडं नाई. त्यामुळं दोष नाई."

प्रभाकररावांनी सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत कौशल्याबाईंनी विचारलं, "महाराज, मानसपूजा देवाले पोचते का नाई?"

"पोचते म्हणजे? सर्वात पह्यले पोचते."

"मनानं वाह्यलेलं फूल देवाले पोचते, आन् मनानं टाकलेला पाय घराले नाई पोचत?"

महाराज सुपारी चघळत राहिले. मानसपूजेची दक्षिणाही ते घेत आले होते, तेव्हा आता मागे फिरणं कठीण होतं. शेवटी त्यांनी सांगितलं की प्रवेश झाला खरा, पण अर्धा झाला, कारण गृहिणी सोबत नव्हती. दसऱ्याचा मुहूर्त धरून तिने विधीने प्रवेश करावा, म्हणजे दोष उतरेल. एवढं बोलून ते चहाला न थांबता गेले. हे असं पहिल्यांदाच घडलं होतं.

"चाल मंग दसऱ्याले," प्रभाकरराव उत्साहाने म्हणाले. "दोघं जाऊ."

"मी नाई येत. त्या घरात मी पाय नाई ठेवत."

"आता काय झालं? महाराजानं उपाय सांगतला ना?"

कौशल्याबाई दुकानात जाऊन ताटं पुसत बसल्या. ताटं स्वच्छच होती. नवऱ्याकडे पाठ ठेवूनच त्या म्हणाल्या, "मी कधी म्हणली होती का, मले घर पाह्यजे म्हणून? तुम्हीच म्हणत होते. इतके दिवस मी आयकलं. आन् पाहाची वेळ आली तं मनोहररावाले घेऊन गेले."

प्रभाकररावांना कंबरेपेक्षा खोल कुठेतरी कळ आली. पितर, डावा पाय, नारळ हे सगळं वरवरचं होतं. बाईला राग एवढाच होता की तिची खिडकी दुसऱ्याने आधी पाहिली. आणि हा राग त्यांना शंभर टक्के पटला, हीच खरी पंचाईत होती. चूक नसती तर भांडता तरी आलं असतं.

पुढचे दिवस घरात जेवण वेळेवर मिळालं, चहा मिळाला, बोलणं मिळालं नाही. प्रभाकररावांनी साड्यांचा विषय काढून पाहिला, गजेंद्राला मधे घालून पाहिलं. गजेंद्र म्हणाला, "बाबा, तुम्ही तिच्याशी घराचं नोका बोलू. चूक झाली एवढंच म्हणा." हे एवढंच म्हणणं प्रभाकररावांना संसारात कधी जमलं नव्हतं. दसऱ्याच्या सकाळी ते शिडी लावून वरच्या फळीपर्यंत चढले, दुखऱ्या कंबरेने. पितळी गंज खाली काढला आणि मशीनपाशी बसले. वीज होती. नव्या सुईने त्यांनी कोऱ्या जागेत त्याच दिवसाची तारीख टाकली आणि गंज कौशल्याबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"चुकलं माह्यं," ते म्हणाले. "तुह्याशिवाय नोतं जाले पाह्यजे."

कौशल्याबाईंनी गंज हातात घेऊन तारीख वाचली. अक्षर थोडं वाकडं आलं होतं. "हात कापून राह्यला होता काय?" एवढंच त्या म्हणाल्या आणि लुगडं बदलायला आत गेल्या.

वर्ध्याला पोचले तेव्हा हर्षितने दसऱ्याची पूजा करून कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला होता आणि टोपड्याला हळदकुंकू लावलं होतं. ते पाहून कौशल्याबाईंचं त्याच्याविषयीचं मत एकदम सुधारलं. मग त्यांनी पिशवीतून गंज, दुधाची बरणी, नारळ आणि रॉकेलचा स्टोव्ह काढला, आणि हर्षितचं त्यांच्याविषयीचं मत बदललं.

"काकू, स्टोव्ह? इथं? मशीन हाये, तारा हायेत..."

"दूध उतू नाई गेलं तं घरभरणी कशी होईन? तूच सांग."

त्याने तारा बाजूला केल्या.

दुसरा प्रश्न पदराचा निघाला. नव्या घरात डोक्यावर पदर घेऊन शिरायचं, तर पदर टोपड्याच्या वर हवा की खाली? कौशल्याबाई म्हणाल्या, वर. पदर वर घेतला तशी टोपड्यावरची खूण झाकली, टोपडं कुठे आहे ते मशीनला कळेना आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर सगळं घर डुलू लागलं. "घर हालून राह्यलं," टोपड्याआडून कौशल्याबाईंचा आवाज आला. "पाया कच्चा हाये वाटते." बिल्डरची अब्रू जाते असं पाहून हर्षितने हात जोडले. शेवटी पदर खाली आणि टोपडं वर, असं ठरलं.

प्रभाकरराव पडद्यासमोर उभे राहिले. कौशल्याबाईंना जे दिसेल ते त्यांनाही तिथे दिसणार होतं. फाटक आलं, तुळस आली. कौशल्याबाई तुळशीपाशी थांबल्या, ऑफिसच्या कचऱ्याच्या टोपलीला हात जोडले आणि पुढे झाल्या. पायरीपाशी त्यांनी उजवा पाय उचलला आणि उंबरठ्याच्या पलीकडे नीट ठेवला. त्या वाकल्या नाहीत. दार उंच आहे हे त्यांना पहिल्या नजरेतच कळलं होतं.

स्वयंपाकघर आलं. पडद्यावर खिडकी होती आणि ऊन होतं. त्यांनी हात पुढे करून ओट्याच्या जागी हवेवरून फिरवला, उन्हात धरला, उलटा करून पुन्हा धरला. हर्षित काही बोलणार होता, पण प्रभाकररावांनी त्याचा दंड धरला.

"स्टोव्ह आना," कौशल्याबाई म्हणाल्या. "इथं. ओट्यावर."

ओटा हवेत होता. दोघांनी मिळून हर्षितचं टेबल सरकवलं.

"डावीकडं. तिकडं नोको, नळ हाये. इतकं पुढं नोको, भिंतीले लागते. हां, ठेवा."

स्टोव्ह पेटला. गंजात दूध तापू लागलं, ऑफिसभर दुधाचा आणि रॉकेलचा वास पसरला. कौशल्याबाई खिडकीकडे तोंड करून वाट बघत होत्या. दूध फुगलं, काठावर आलं आणि फसफसून टेबलावर सांडलं. "गेलं! पूर्वेकडं गेलं!" प्रभाकरराव लहान पोरासारखे ओरडले. हर्षितने ग्राहकांच्या फाइली उचलून छातीशी धरल्या.

त्याच क्षणी पंखा थांबला आणि दिवा गेला. दसऱ्याला वीज जाणार नाही असं पेपरात आलं होतं, म्हणजे जाणारच होती. कॉम्प्युटरखालची बॅटरीची पेटी टीं टीं करू लागली.

"खिडकीत चिमणी आली," कौशल्याबाई म्हणाल्या.

पेटी आता मिनिटभरच टिकणार हे माहीत असलेल्या हर्षितने कपाळावर हात मारला. पेटीचा दम संपला, टीं टीं थांबलं, पडदा काळा झाला. टोपड्यात अंधार झाला. आता ती टोपडं काढेल, ऑफिस दिसेल, तिथली ओल आलेली भिंत दिसेल आणि मग सगळं संपेल, असं प्रभाकररावांना वाटलं.

कौशल्याबाईंनी टोपडं काढलं नाही. त्या तशाच उभ्या होत्या.

"इथंबी लाइट जाते म्हना," त्या म्हणाल्या. आवाजात कंटाळा होता, पण आपल्या घरातल्या वस्तूचा येतो तो कंटाळा. "खरंच घर हाये मंग. मले वाटलं, हे लोकं नुस्तं चांगलं चांगलंच दाखवतेत."

"कौशल्या, काढते का ते?"

"काऊन काढू? अवो, तुम्ही बाहीर काऊन उभे? आत या ना."

प्रभाकररावांनी हर्षितकडे पाहिलं. टोपडं एकच होतं, आणि तेही बंद. समोर बिल्डरची फरशी होती, सांडलेलं दूध होतं, आणि टेबलापाशी त्यांची बायको डोक्यावर काळं टोपडं घेऊन हात पुढे करून उभी होती. तिचा हात अंधारात त्यांना शोधत होता.

त्यांनी चपला काढल्या.

"उंबरठा हाये तिथं, पाहून," ती म्हणाली. "उजवा टाकजा. दुखला तरी उजवाच."

प्रभाकररावांनी उजवा पाय उचलला. गुडघा कुरकुरला, कंबरेत चमक आली, पण पाय उंबरठ्याएवढा उंच गेल्याशिवाय त्यांनी खाली ठेवला नाही. मग पलीकडे गेले आणि तिचा हात धरला. हात दुधाने चिकट झाला होता. डोक्यावर टोपडं नसूनही त्यांना खिडकी कुठे आहे ते नेमकं माहीत होतं. त्यांनी तिकडेच पाहिलं.

"आलो," ते म्हणाले.

"आले तं उभेच राहा," कौशल्याबाई म्हणाल्या. "त्या सोफ्यावर नोका बसू."